मुलांना कोणी सांगायचं?

परदेशी जाणं ही आपल्या समाजात नवलाची गोष्ट राहिलेली नाही. कोकणातल्या मुस्लिम घरांतली माणसं जहाजांवर नोकरीला गेली, कोणी पूर्व आफ्रिकेत, कोणी थेट केप टाऊनला जाऊन राहिली, त्याला शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला. 1973 साली तेलाचे भाव जवळजवळ चौपट झाले, आखातात कामं निघाली आणि कोकणापाठोपाठ आमच्यासारख्या घाटावरच्या गावांतूनही माणसं निघू लागली. मात्र त्या काळी जायचा तो घरातला एकटा पुरुष. बायकामुलं इथेच. बाप म्हणजे भिंतीवरचा फोटो, दर महिन्याचा ड्राफ्ट आणि टेप करून पाठवलेली कॅसेट. दोन वर्षांनी तो सुटीवर आला की धाकटं मूल आईच्या मागे लपायचं, ‘ये कौन आया?’ म्हणून विचारायचं. अशी मुलं मी जुन्या नाशकात पुष्कळ पाहिली. एकतीस वर्षं मराठी शाळेत पहिली-दुसरीच्या वर्गाला शिकवलं, तेव्हा माझ्या वर्गातही ती होतीच.

आता चित्र बदललं आहे. ज्याची नोकरी बरी, पगार नियमात बसणारा, तो बायकोमुलांना सोबत नेतो. बाप आणि मुलं एका छपराखाली राहतात, याहून चांगलं काय? पण या जाण्याची तयारी पाहिली की एक गोष्ट माझ्या मनाला सतत खटकते. घरात याद्या होतात. पासपोर्ट, जन्मदाखले, निकाहनाम्याची नोंद, त्यावरचे शिक्के, लसीकरणाचं कार्ड, मसाला, पापड, लोणचं. मोठ्यांच्या तोंडी महिनाभर दुसरा विषय नसतो. आणि ज्यांचं सगळं जग मुळापासून हलणार असतं, त्या मुलांना काय सांगायचं, केव्हा सांगायचं, कोणी सांगायचं, हे एकाही यादीत नसतं.

गेल्या वर्षी ही वेळ आमच्याच घरावर आली. मुलगा काही वर्षं शारजात नोकरीला आहे. सून आणि दोन मुलं आमच्याजवळ होती. नात आठ वर्षांची, मराठी शाळेत सेमी-इंग्रजीच्या तिसरीत. नातू साडेचार वर्षांचा. 2024 च्या डिसेंबरात मुलाचा फोन आला की घर मिळालंय, एप्रिलपासून तिकडच्या भारतीय शाळेचं नवं वर्ष सुरू होतं, तेव्हा ईद झाली की सगळ्यांना घेऊन जातो.

त्या रात्री घरात जणू मजलिसच भरली. नणंद, जाऊ, सुनेची आई, सगळ्यांचं मत एकच: मुलांना आत्ता काही सांगू नका. उगाच रडतील, शाळेत लक्ष लागणार नाही, मोहल्लाभर बोभाटा करतील, नजर लागेल. जायच्या आदल्या दिवशी सांगा, अब्बूला भेटायला चाललोय म्हणून. चार दिवसांत रुळतात मुलं. मुलांना काय कळतं?

मुलांना काय कळतं, हे मी एकतीस वर्षं पाहत आले होते. माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याला सांगितलं होतं की मामाच्या लग्नाला चाललोय. त्याने दप्तर वर्गातल्या कोपऱ्यात ठेवलं आणि मला बजावलं, ‘बाई, माझी जागा कोणाला देऊ नका हं, मी सोमवारी येतो.’ त्याच दुपारी त्याचे काका दाखला न्यायला आले. ते कुटुंब कुवेतला गेलं होतं. ते दप्तर कितीतरी दिवस तसंच राहिलं, आणि त्याच्या शेजारी बसणारा मुलगा रोज विचारायचा, ‘आज सोमवार आहे ना?’ चार दिवसांत मुलं रुळतात हे खरंही असेल. पण ज्यांच्या शब्दावर ती डोळे मिटून विसंबतात, त्या माणसांनी आपल्याला फसवून नेलं, हे ती विसरतात का? मला नाही वाटत.

म्हणून मी म्हणाले, सांगायचं. आणि दोघांनाही सारखंच सांगायचं नाही, ज्याच्या त्याच्या वयाला झेपेल तेवढं सांगायचं. सांगायचं ते आईने आणि फोनवरून बापाने, दोघांनी मिळून. कारण हा निर्णय त्यांचा आहे. दादीने किंवा शेजारणीने आधी कानात घातलं तर मुलाला वाटतं, आपल्या घरात आपल्यापासून काहीतरी लपवलं जातंय.

नातीला जानेवारीत सांगितलं. ती रडली नाही. दोन दिवस गप्प राहिली आणि तिसऱ्या दिवशी प्रश्न सुरू झाले. माझी सायकल कोण घेणार? मकतबमध्ये माझा कायदा संपलाय, नाजरा सुरू झालाय, तो तिकडे पुढे चालणार की पहिल्यापासून? तिकडे पाऊस पडतो का? गच्चीवरच्या मांजरीला दूध कोण देईल? मोठ्यांना हे प्रश्न फुटकळ वाटतात. मला तसे वाटले नाहीत. मुलं ‘स्थलांतर’ असं काही समजत नाहीत. त्यांना सायकल समजते, मांजर समजते. त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला खरं उत्तर मिळालं की हळूहळू त्यांचा धीर बांधला जातो. सायकल चुलतभावाला दिली, ती तिने स्वतःच्या हाताने दिली. मांजरीचं दूध माझ्याकडे आलं. पाऊस तिकडे क्वचित पडतो, हेही सांगून टाकलं.

धाकट्याची गोष्ट वेगळी. साडेचार वर्षांच्या मुलाला ‘तीन महिन्यांनी’ म्हणजे काय ते कळत नाही. त्याला आम्ही फेब्रुवारीच्या शेवटी सांगितलं, आणि महिन्याच्या भाषेत नाही. आधी चाँद दिसेल, मग रोजे, मग ईद, मग नवे कपडे, मग विमान. कॅलेंडरवर तो रोज इफ्तारनंतर एक फुली मारायचा. त्या वर्षी तिकडे ईद रविवारी, 30 मार्चला झाली आणि आपल्याकडे सोमवारी, 31 ला. अब्बू फोनवर नवे कपडे घालून ‘ईद मुबारक’ म्हणाले तेव्हा इकडे आम्ही शेवटच्या रोज्यात होतो. धाकट्याला फार गंमत वाटली. तिकडचा चाँद वेगळा, तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, हे त्याला त्या एका दिवसात समजलं. दुसऱ्या दिवशी शहाजहानी ईदगाहवर दादाअब्बांच्या खांद्यावर बसून तो सगळ्यांना सांगत होता, ‘मेरे अब्बू की ईद हो गई.’

कागदपत्रांच्या कामातही मुलांना सोबत घ्यावं असं मला वाटतं. लहान मुलाच्या पासपोर्टची मुदत पाच वर्षांचीच असते, मोठ्यांसारखी दहा वर्षांची नसते. दोघांचे नवे पासपोर्ट घरी आले तेव्हा दादाअब्बांनी त्यांना समोर बसवलं आणि म्हणाले, ‘हे पुस्तक कुठे छापलंय माहीत आहे? आपल्या नाशिकरोडला.’ मुलांचा विश्वास बसेना. पण खरंच, भारताचे पासपोर्ट नाशिकरोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयात छापले जातात, ज्याला आम्ही सगळे नुसतं ‘प्रेस’ म्हणतो. 1925 पासूनचा तो छापखाना. पोस्टाची तिकिटंही तिथलीच. दादाअब्बांचे कितीतरी दोस्त तिथे नोकरीला होते. भोंग्यावर घड्याळ लावणारी पिढी ती. नातीने निळं पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली, ‘म्हणजे मी जिथे जाईन तिथे नाशिक माझ्या बॅगेत!’ मी शिकवून ती असं बोलली नसती.

दुसरा कागद म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. तो आणायला मी नातीला बरोबर नेलं. मराठीतला कागद, तो तिने रस्त्यातच मोठ्याने वाचायला घेतला. राष्ट्रीयत्व, मातृभाषा, धर्म. ‘मातृभाषा: मराठी’ इथे ती अडली. ‘दादी, मातृभाषा म्हणजे आईची भाषा ना? अम्मी तो घर में ऐसा नहीं बोलती.’

हा प्रश्न तिचा एकटीचा नाही, आपल्या सगळ्यांचाच आहे. घरात आपण बोलतो ती दखनीकडे झुकणारी बोली. तिला कुठल्या रजिस्टरात रकाना नाही. म्हणून कोणी उर्दू लिहितो, कोणी मराठी. माझ्या मुलाने तिच्या प्रवेशाच्या वेळी मराठी लिहिलं, कारण तो स्वतः मराठी शाळेत शिकला आणि पत्रं, हिशेब, भांडणं, सगळं मराठीतच करतो. मी तिला म्हटलं, ‘ज्या भाषेत तू पहिल्यांदा वाचायला शिकलीस, दुकानाच्या पाट्या वाचल्यास, बाईंशी बोललीस, तीही तुझी आईच. एका लेकराला दोन आया असल्या तर बिघडलं कुठे?’ तिला ते पटलं. पण त्याच क्षणी माझ्या मनात आलं, तिकडे ही आई तिला भेटणार कुठे?

अमिरातीतल्या शाळांत अरबी नसलेल्या मुलांनाही नववीपर्यंत अरबी हा विषय घ्यावाच लागतो. मुस्लिम मुलांना इस्लामी शिक्षणही असतं. भारतीय शाळांत त्याशिवाय इंग्रजी आणि हिंदी, मल्याळम, उर्दू यांपैकी एखादी भाषा. मराठी सहसा नसते. नात नाजरा वाचत होती, त्यामुळे अरबी अक्षरांची तिला ओळख होती आणि त्याचा उपयोग झाला. पण कुराणशरीफ वाचता येणं वेगळं आणि अरबीत ‘मला पाणी हवंय’ म्हणता येणं वेगळं, हे मी तिला आधीच सांगून ठेवलं. मुलांना वाटतं आपल्याला येतं आणि वर्गात गेल्यावर एक शब्द कळत नाही, मग हिरमुसतात. इंग्रजीचंही तसंच. सेमी-इंग्रजीच्या मुलीला गणित इंग्रजीत जमतं, पण मधल्या सुटीत मैत्रीण कशी करायची, ते इंग्रजी पुस्तकात नसतं. सुनेने तीन महिने रोज अर्धा तास तिच्याशी इंग्रजीत खेळ मांडला. दुकान-दुकान, डॉक्टर-डॉक्टर, शाळा-शाळा. ‘माय नेम इज’ पाठ करण्यापेक्षा ते फार कामी आलं.

मराठीसाठी आम्ही दोघींनी एक करार केला. आठवड्याला अर्धं पान. विषय काहीही, चुका कितीही. तिकडे शारजात 2022 पासून शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवस सुटी असते, त्यातल्या रविवारी तिने लिहायचं, फोटो काढून पाठवायचा आणि मी उत्तर लिहायचं. बालभारतीची पुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात, ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही मिळतात, ते सुनेच्या फोनमध्ये उतरवून दिले. धाकट्याला अजून एकही मराठी अक्षर येत नाही. त्याची मला काळजी वाटते, आणि ती मी लपवत नाही.

आता सर्वांत अवघड गोष्ट. मुलं दोन प्रश्न विचारतातच, आणि त्याच दोन प्रश्नांना मोठी माणसं हमखास खोटं बोलतात. पहिला, ‘दादी, तुम भी आरे क्या?’ आणि दुसरा, ‘आपण कायमचे परत कधी येणार?’ पहिल्यावर सगळे म्हणतात, ‘हो हो, येणार ना पुढच्या महिन्यात.’ मी म्हटलं, नाही, मी इथेच राहणार, कारण माझं घर इथे आहे आणि दादाअब्बांचं औषधपाणी इथे आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलाने दिलं. अब्बूंचं काम आहे तोवर आपण तिकडे, काम संपलं की इकडे. आखातातलं वास्तव हेच आहे. तिथला मुक्काम नोकरीला बांधलेला असतो. सौदी अरेबियात 2017 पासून कुटुंबातल्या माणसागणिक महिन्याला 100 रियाल आणि मग दर वर्षी शंभर वाढवत 400 पर्यंत आकारणी सुरू झाली, तेव्हा किती घरांनी बायकामुलांना परत पाठवलं! त्या मुलांना दुसऱ्यांदा घर सोडावं लागलं. ‘आता आपण तिकडचेच’ असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांची अवस्था जास्त वाईट झाली असणार.

पण नातीने तिसरा प्रश्न विचारला, तो कोणाच्याच ध्यानीमनी नव्हता. दादाअब्बांच्या हृदयाचं दुखणं जुनं होतं. एका रात्री ती त्यांचे पाय दाबता दाबता म्हणाली, ‘मैं आऊँगी तब तक आप रहोगे ना?’ सून चटकन म्हणाली, ‘असं बोलू नये बेटा.’ ह्यांनी तिला थांबवलं. म्हणाले, ‘विचारू दे तिला.’ मग नातीला म्हणाले, ‘ते अल्लाहच्या हातात आहे, मला ठाऊक नाही. औषध मी वेळेवर घेईन, ते माझ्या हातात आहे. आणि जेवढे दिवस आहे तेवढे दिवस रोज तुझ्याशी बोलेन.’ तिने मान हलवली आणि पुन्हा पाय दाबू लागली.

जायच्या आधीचा आठवडा आम्ही निरोपासाठी राखून ठेवला होता. मोठी माणसं सगळ्यांचा निरोप घेतात, दावती खातात. मुलांना मात्र झोपेतून उचलून गाडीत घालतात. आम्ही मुलांची वेगळी यादी केली आणि ती मुलांनीच सांगितली. शाळेतल्या बाई, मकतबचे हाफिजसाब, चौक मंडईतला बिस्किटवाला, शेजारची आजी, बडी दर्गा आणि मांजर. प्रत्येकाला जाऊन भेटून ‘आम्ही चाललो, खुदा हाफिज’ म्हणायचं. धाकट्याने मांजरीलाही म्हटलं. निघताना जाऊने दोघांच्या दंडावर इमाम जामिन बांधला. हल्ली काहीजण त्याला हरकत घेतात, मी त्या वादात पडत नाही. मी मुलांना एवढंच सांगितलं की या कापडात एक नाणं आहे, सुखरूप पोचलात की ते एखाद्या गरजूला द्यायचं. नव्या गावात पोचल्यावर पहिलं काम कोणाला तरी काही देण्याचं, हा रिवाज मला मुलांसाठी चांगला वाटतो.

मुंबईच्या विमानतळावर जाताना कसारा घाटात माकडांना टाटा करून झाला. पुढचे दोन महिने सोपे गेले असं मी म्हणणार नाही. धाकटा रात्री उठून ‘घर चलो’ म्हणायचा. व्हॉट्सअॅपवरून तिकडे बोलणं होत नाही, दुसरं अॅप घ्यावं लागतं, ते आम्ही आधीच जमवून ठेवलं होतं म्हणून बरं. नातीच्या पहिल्या अर्ध्या पानात फक्त एवढंच होतं की वर्गात कोणी तिच्याशेजारी बसलं नाही. चौथ्या पानात एका मल्याळी मुलीचा डबा आला. सहाव्या पानात तिने लिहिलं की सुपरमार्केटात कांद्याच्या गोणीवर ‘इंडिया’ वाचलं आणि ती सगळ्यांना सांगत सुटली, हा माझ्या नाशिकचा आहे. तो लासलगावचा होता की आणखी कुठला, देव जाणे.

जुलैमध्ये तिकडच्या शाळांना उन्हाळ्याची सुटी लागली आणि मुलं आली. पण इथलं जग तिच्या सुटीसाठी थांबलेलं नव्हतं. आंबे संपले होते. चुलतभावंडांच्या शाळा जूनमध्येच सुरू झाल्या होत्या. सायकलची घंटी तुटली होती. जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला होता, म्हणून गाडी मुंबईहून नव्या रस्त्याने आली आणि कसाऱ्याची माकडं भेटलीच नाहीत. ती हिरमुसली. नव्या गावाची तयारी आपण मुलांकडून करून घेतो. मागे सोडलेलं गावही बदलत राहतं, त्याचीही तयारी करून घ्यायला हवी. पण दादाअब्बा होते. महिनाभर नातवंडं त्यांना चिकटून होती.

नोव्हेंबरमध्ये ते गेले. फजरच्या सुमारास. आपल्याकडे मयत ताटकळत ठेवत नाहीत. मुलाला दुपारच्या विमानात एक जागा मिळाली, तो इशाच्या नमाजपर्यंत कसाबसा पोचला. सून आणि मुलं येऊ शकली नाहीत. लेकरांना काय सांगायचं म्हणून सून फोनवर रडत होती. तेव्हा नातीने फोन घेतला आणि मला म्हणाली, ‘दादी, दादाअब्बांनी मला सांगितलं होतं, त्यांना ठाऊक नाही म्हणून.’ मग ती रडली, खूप रडली. पण त्यांनी आपल्याला फसवलं, असं तिला वाटलं नाही. त्या रविवारी अर्ध्याऐवजी पूर्ण पान आलं, सगळं त्यांच्याबद्दल. शुद्धलेखनाच्या सतरा चुका. मी एकही दुरुस्त केली नाही.

बायाबापड्यांनो, भावांनो, पोटासाठी घर सोडणं आपल्या नशिबी आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. हिजरत तर आपल्या इतिहासाच्या मुळाशीच आहे, आपलं सालही तिथूनच मोजलं जातं. मक्का सोडताना खुद्द पैगंबरांचा जीव त्या गावात अडकला होता, असं आपण ऐकत आलो आहोत. मग आठ वर्षांच्या मुलीचा जीव गच्चीवरच्या मांजरीत अडकला तर तिला ‘गप्प बस’ का म्हणायचं? तिला वेळेवर सांगा, तिच्या भाषेत सांगा, आपल्याला जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगा. निरोप तिचा तिला घेऊ द्या. आणि वाचायला-लिहायला आलेली भाषा सामानाचं वजन वाढतं म्हणून इथे ठेवून जाऊ नका. तिला विमानात वजन लागत नाही.